‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळातल्या फरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगातील कोणता अल्पपरिचित देव खेळात वापरण्याजोगा आहे?

माझी निवड जेर्गल. संघर्ष, मृत्यू आणि मृतात्मे या तिन्हींवर एकेकाळी त्याचीच सत्ता होती. परंतु तिचाच कंटाळा आल्यामुळे, सिंहासन बळकावायला आलेल्या बेन, भाल आणि मिरकुल या तीन मर्त्य साहसवीरांना त्याने आपले अधिकार वाटून दिले आणि स्वतः मृतांचा लेखनिक होऊन बसला. त्याचे मोजके पुजारी कोण, केव्हा, कसा मेला याच्या नोंदी ठेवतात. त्यामुळे एखाद्या खेळाडूला आपल्याच पात्राचे नाव त्या वहीत, तेही पुढची तारीख घालून लिहिलेले सापडले, तर खेळ चांगलाच रंगतो. निव्वळ खलनायकी पंथ हवा असल्यास सॅमास्टर या जादूगाराने स्थापलेला ड्रॅगनपंथ घ्यावा, मात्र तो आता फारसा अपरिचित राहिलेला नाही.