बुर्रीनं डॉक्टरकी सोडली, पण कशी?

ताई, नमस्कार.

मुलगा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ‘आल्बेर्तो बुर्रीही डॉक्टरच होता, त्यानं सोडलंच ना?’ म्हणत कॉलेज सोडायचा हट्ट धरून बसलाय आणि घरात बोलणं बंद झालंय, असं तुम्ही लिहिलंत. नाव त्यानं चांगलं निवडलंय. युद्धानंतरच्या इटलीतला हा फार मोठा चित्रकार. हकिगत मात्र तो अर्धीच सांगतोय.

बुर्रीचा जन्म 1915 चा, इटलीच्या उंब्रिया प्रांतातल्या चित्ता दी कास्तेल्लो गावचा. पेरूजाच्या विद्यापीठातून 1940 मध्ये वैद्यकीची पदवी घेतली, डॉक्टर म्हणून सैन्यात गेला, 1943 मध्ये ट्युनिशियात पकडला गेला. टेक्सासमधल्या हिअरफर्डच्या कैदी छावणीत तो चित्रं काढू लागला. 1946 मध्ये इटलीला परतल्यावर रोममध्ये राहून त्यानं तेच चालू ठेवलं. पहिलं एकल प्रदर्शन 1947 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी.

त्याची ‘साक्की’ (म्हणजे गोण्या) ही चित्रमालिका मुलासोबत तुम्हीही बघा. जुनं गोणपाट, फाटलेलं, ठिगळं लावलेलं, जाड दोऱ्यानं शिवलेलं, भोकांतून मध्येच लाल रंग. बघणाऱ्याला जखमा आणि टाके आठवतात. बुर्रीला स्वतःला असे अर्थ लावलेले आवडत नसत. पुढे त्यानं लाकूड आणि प्लॅस्टिक जाळून चित्रं केली. 1968 च्या भूकंपात सिसिलीतलं जिबेलिना गाव जमीनदोस्त झालं, पुढे बुर्रीनं त्या गावाचे अवशेष पांढऱ्या सिमेंटखाली घेऊन जुन्या गल्ल्यांच्या जागी माणसाला चालता येईल अशा भेगा ठेवल्या. ते काम 1984 नंतर सुरू झालं आणि 2015 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, पुरं झालं. मला त्याचं हेच काम सगळ्यांत थोर वाटतं.

त्यानं पदवी पुरी केली म्हणून तुमच्या मुलानंही इंटर्नशिपपर्यंत थांबलंच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. बुर्रीची वाट युद्धानं वळवली. पण छावणीत कुणी मागितलं नसताना तो रंगवत होता. तुमचा मुलगा पॅथॉलॉजीच्या परीक्षेच्या गडबडीत चित्र काढतो का? काढत असेल तर होस्टेलवर जा, त्याच्या वह्या मागून घ्या आणि न बोलता शेवटपर्यंत चाळा. मग एखाद्या चित्रकला महाविद्यालयातल्या शिक्षकांना त्या दाखवा, बीएफएच्या (चित्रकलेच्या पदवीच्या) सीईटीची माहिती त्यालाच काढू द्या. तोवर सीट सोडायचा अर्ज नको. प्रवेशाच्या वेळच्या बॉण्डच्या, म्हणजे करारपत्राच्या, अटी कॉलेजच्या ऑफिसातून लेखी घेऊन ठेवा.