जुलैच्या निकालांवरून घाईने निष्कर्ष काढू नका

४ जुलै २०२६ पासून रग्बीची नवी नेशन्स चॅम्पियनशिप सुरू होते आहे. आजवर फक्त क्रिकेट पाहिलेल्या माणसाने ती कुठून पाहायला सुरुवात करावी आणि सामन्यात नेमकं काय पाहावं, असा तुमचा प्रश्न आहे. आधी रचना सांगतो. ती माहीत नसेल तर निकालांचा चुकीचा अर्थ लागतो.

बारा संघ, दोन गट. उत्तरेच्या गटात सिक्स नेशन्सवाले (युरोपातल्या सहा देशांची वार्षिक स्पर्धा): इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स, स्कॉटलंड, वेल्स, इटली. दक्षिणेच्या गटात न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, फिजी आणि (नकाशा काहीही म्हणो) जपान. आपल्याच गटातल्या कुणाशी सामना नाही. समोरच्या गटातल्या सहाही संघांशी प्रत्येकी एक. तीन सामने जुलैत, तेव्हा यजमान दक्षिणेचे; तीन नोव्हेंबरात उत्तरेकडे. मग २७ ते २९ नोव्हेंबरला लंडनच्या ट्विकनहॅमवर दोन्ही गटांतले पहिले एकमेकांशी, दुसरे दुसऱ्यांशी, असं थेट सहाव्यांपर्यंत.

पूर्वी जुलैत एखादा संघ एकाच देशात जाऊन दोन-तीन कसोट्या (रग्बीत दोन देशांमधल्या सामन्याला कसोटी म्हणतात) खेळायचा. पहिला सामना हरला तरी त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सुधारायला आठवडा मिळायचा. आता दर शनिवारी नवा प्रतिस्पर्धी. इंग्लंडचंच बघा: ४ जुलैला जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेशी, ११ ला फिजीशी सामना पण लिव्हरपूलला (फिजी आपले 'घरचे' सामने ब्रिटनमध्ये खेळणार आहे), १८ ला अर्जेंटिनाशी. अशा प्रवासात पहिल्या पंधरा नावांपेक्षा संघाची खोली, म्हणजे राखीव खेळाडूंची ताकद, जास्त मोजली जाते. म्हणून माझा सल्ला असा की प्रत्येक सामन्याची पन्नासाव्या ते सत्तराव्या मिनिटापर्यंतची, म्हणजे राखीव खेळाडू उतरतात ती वीस मिनिटं चुकवू नका.

सामना ऐंशी मिनिटांचा, संघ तेवीस जणांचा: पंधरा मैदानात, आठ राखीव. या आठांत पहिल्या फळीतले तिघे, म्हणजे दोन प्रॉप आणि एक हुकर, असावेच लागतात. स्क्रमच्या (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटा लावतात तो डाव) पहिल्या फळीत न शिकलेला माणूस उभा केला तर मान दुखावण्याचा खरा धोका असतो. उरलेले पाच कोण हा प्रशिक्षकाचा जुगार. साधारणपणे आठांत त्या तिघांसह पाच फॉरवर्ड (स्क्रममध्ये रेटणारे जड खेळाडू) आणि तीन बॅक (मागे उभे राहून धावणारे) ठेवतात. दक्षिण आफ्रिकेने २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात सात फॉरवर्ड आणि एकच बॅक बसवला आणि न्यूझीलंडला १२-११ ने हरवलं. फायदा उघड आहे: प्रतिस्पर्धी दमलेला असताना ताज्या, जड माणसांची अख्खी फळी उतरते. पण बॅकमधले दोघे जखमी झाले, तर फॉरवर्डला विंगवर उभं करावं लागतं आणि मैदानाच्या कडेला भगदाड पडतं. संघ जाहीर झाला की १६ ते २३ क्रमांक, म्हणजे राखीव, आधी वाचा.

जोहान्सबर्गचं एलिस पार्क समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत लाथाडलेला चेंडू लांब जातो, त्यामुळे एरवी आवाक्याबाहेरच्या अंतरावरून पेनल्टीचे (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळालेली किक गोलखांबांमधून मारून) तीन गुण घ्यायचा मोह होतो. पाहुण्यांची दमछाक दिसते ती शेवटच्या वीस मिनिटांत.

दुसरी लक्ष देण्याची गोष्ट उंच किक. नोव्हेंबर २०२४ पासून पंच एका जुन्या सवयीवर कडक झाले आहेत: चेंडू झेलणाऱ्या साथीदारापुढे भिंत करून धावत येणाऱ्यांची वाट अडवणं. ती भिंत गेल्यावर चेंडूखाली दोघे एकत्र उडी मारतात, चेंडू निसटतो आणि जो सांडलेला चेंडू आधी उचलतो त्याला अस्ताव्यस्त बचाव समोर मिळतो. नवख्याला या किक म्हणजे चेंडू फुकट देणं वाटतं. ते तसं नाही. किक मारणारा त्या सांडलवंडीसाठीच मारत असतो. त्यामुळे फुलबॅक (सर्वांत मागचा खेळाडू) आणि दोन्ही विंगर (कडेचे खेळाडू) हवेत किती पक्के आहेत यावर सध्या सामने फिरतात.

फ्रान्सला जुलैवरून जोखू नका. त्यांची क्लब लीग, टॉप फोर्टीन, जूनच्या अखेरीपर्यंत चालते आणि थकलेल्या खेळाडूंना विश्रांती दिली जाते. जुलै २०२५ मध्ये बरेचसे नवे चेहरे घेऊन ते न्यूझीलंडला गेले आणि मालिका ३-० ने हरले. त्याच वर्षी सिक्स नेशन्स मात्र त्यांनीच जिंकली होती. त्यांचा खरा संघ नोव्हेंबरात बघा.

एकच जुलै सामना निवडायचा असेल तर १८ तारखेचा न्यूझीलंड विरुद्ध आयर्लंड, ऑकलंडच्या ईडन पार्कवर. तिथे न्यूझीलंड १९९४ नंतर कसोटी हरलेला नाही.

स्पर्धेची एक बाजू मला पटत नाही. २०३० पर्यंत दार बंद आहे: खालून कुणी वर येणार नाही. २०२२ मध्ये इटली आणि वेल्स दोघांनाही हरवलेल्या जॉर्जियावर हा अन्याय आहे.

वेळांचं गणित: जुलैत न्यूझीलंड आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, सिडनी साडेचार, जपान साडेतीन; दक्षिण आफ्रिका साडेतीन तास मागे, ब्रिटन साडेचार, अर्जेंटिना साडेआठ. म्हणजे ऑकलंडचा संध्याकाळी सातचा सामना दुपारी साडेबाराला, जोहान्सबर्गचा पाचचा रात्री साडेआठला, तर अर्जेंटिनातला दुपारी चारचा मध्यरात्रीनंतर साडेबाराला. तिथे तारीख बदलते, गजर लावताना घोळ होतो. नोव्हेंबरात ब्रिटनची घड्याळं मागे गेलेली असतात, तेव्हा फरक साडेपाच तासांचा धरा.