शिकवलं की पोरं पळतात, मग शिकवायचं कशाला?

कामावर माणसं शिकवण्याबद्दल आलेले काही प्रश्न आणि त्यांना माझी उत्तरं.

जळगाव एमआयडीसीत माझा प्लॅस्टिक चटईचा कारखाना आहे. आयटीआय झालेली पोरं घेतो, एक्स्ट्रूडरवर, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून तार काढणाऱ्या मशीनवर, सहा-आठ महिने तयार करतो. हात बसला की ती चाकणला नाहीतर सुरतेला निघून जातात. दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घ्यावा का? काही जण मूळ मार्कशीट ठेवून घेतात, ते चालेल का?

मार्कशीट ठेवून घेऊ नका. जायचा तो पोरगा जातोच, आणि चौथ्या दिवशी त्याचा मामा गावच्या सरपंचाला घेऊन तुमच्या गेटवर उभा राहतो.

बॉण्डचं वेगळं आहे. ‘इथली नोकरी सोडल्यावर दुसऱ्या चटई कारखान्यात काम करणार नाही’ असं लिहून घेतलंत, तर भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम २७ प्रमाणे त्या कागदाला किंमत नाही. पण ‘अमुक काळ इथे राहीन, आधी सोडलं तर इतकी भरपाई देईन’ ही अट चालू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांची अट आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचं कलम वैध ठरवलं. लगेच हुरळून जाऊ नका. ती बँक होती, सोडून गेलेला माणूस अधिकारी होता, आणि ती जागा भरायला बँकेला पुन्हा जाहिरातीपासून सुरुवात करावी लागते. तुमच्या बाबतीत त्याच करार कायद्याचं कलम ७४ आडवं येईल. भरपाई वाजवीच मिळते. म्हणजे या पोरावर शिकवण्याचा खर्च किती झाला, हे कागदावर दाखवता यायला हवं. बहुतेक कारखान्यांत ते दाखवता येत नाही, कारण शिकवणं म्हणजे ‘उस्तादाशेजारी उभा राह आणि बघ’ एवढंच झालेलं असतं.

मी असते तर बॉण्डच्या आधी पगारपत्रक उघडलं असतं. हेल्पर म्हणून आलेला पोरगा आठ महिन्यांनी एकटा शिफ्ट ओढतो, पण पगार हेल्परचाच. मग चाकणचा फोन आला की तो का थांबेल? कामाचे तुकडे पाडा: दाणा आणि रंग मिसळणं, तापमान लावणं, डाय (साचा) बदलणं, तार तुटली की कारण शोधणं. एकेक काम एकट्याने जमलं की सुपरवायझरने भिंतीवरच्या तक्त्यात सही करायची आणि त्याच महिन्यात पगार वाढवायचा. थोडाच वाढवा, पण दिवाळीपर्यंत थांबवू नका. तरीही काही जण जातील. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली विप्रोसुद्धा आज बंगळुरूची म्हणूनच ओळखली जाते. आपण किती रुसायचं?

रावेर भागात आमचं केळीचं पॅकहाऊस आहे. बाहेरून तज्ज्ञ बोलावून बायकांना हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, प्रोजेक्टर लावला, जेवणही चांगलं होतं. आठ दिवसांत सगळं जैसे थे. माल डागाळतोच आहे. बायका लक्ष देत नाहीत का?

लक्ष देतात हो. जेवण चांगलं होतं हे तुमच्याही लक्षात राहिलं, त्यांच्याही राहिलं असेल. फणी, म्हणजे घडातला केळ्यांचा एकेक झुबका, कापणं हे हाताचं काम आहे, ते पडद्यावर बघून हातात उतरत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांवर हीच पाळी आली होती. अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कधी यंत्र न पाहिलेली माणसं, त्यात पुष्कळ बायका, कामावर आली. तेव्हा त्यांनी कामगारांआधी शिकवणाऱ्या फोरमनला शिकवलं. चार पायऱ्या ठरवल्या: समोरच्याला आधी काय येतं ते विचारून त्याची भीती घालवायची, काम सावकाश करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि हात चालवताना तोंडानेही सांगायला लावायचं, शेवटी एकटं सोडायचं, पण मधूनमधून फिरकायचं. युद्धानंतर ही पद्धत जपानने उचलली आणि टोयोटाने पुढे वर्षानुवर्षं चालवली.

तिसऱ्या पायरीतलं बोलणं सोडू नका. तुमच्याकडची सगळ्यांत चांगली फणी कापणारी ताई निवडा आणि तिला विचारा, “असंच का कापता?” ती आधी हसेल, मग सांगेल. कापाची कड ओबडधोबड राहिली की तिथे बुरशी धरते. चीक सालीवर ओघळला की डाग पडतो, म्हणून फणी लगेच पाण्यात जायला हवी. घड ओढला की साल घासली जाते, तो डाग पिकल्यावर काळा दिसतो. ही ‘कारणं’ बाहेरच्या तज्ज्ञाच्या स्लाइडवर असतीलही, पण बाईला ती शेजारणीच्या तोंडून, हातात पातं असताना कळली की टिकतात. तिच्यासोबत एका वेळी दोनच नव्या बायका द्या. आणि शिकवते त्या दिवशी तिच्याकडून नेहमीइतक्या पेट्यांची अपेक्षा ठेवू नका. इथेच सगळे मालक चुकतात. शिकवायलाही सांगतात आणि संध्याकाळी पेट्याही मोजतात.

दोन दिवसांच्या हॉलचं भाडं वाचेल, त्यातून तिला भत्ता द्या.

धुळ्यात यंत्रमाग आहेत. सगळ्यांत हुशार जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, सुपरवायझर केलं. आता कुठलाही माग बंद पडला की तो स्वतःच पाना घेऊन बसतो. बाकीची पोरं नुसती उभी. सांगायला गेलं तर म्हणतो, “व्हई जाई, भो!”

होऊन जातं, हीच अडचण आहे. एक महिना त्याच्या हातातला पाना काढून घ्या. माग बंद पडला तर पाना पोराच्या हातात राहील, सुपरवायझर फक्त प्रश्न विचारेल. पहिले पंधरा दिवस उत्पादन पडेल, ते तुम्ही सोसायचं. महिन्याभराने तो कासावीस झालेला दिसला, तर त्याला पुन्हा जॉबर करा, पण पगार आणि मान सुपरवायझरचाच ठेवा. प्रत्येक चांगल्या कारागिराने साहेब व्हायलाच हवं, असं कुठे लिहिलंय?

भुसावळला एका कंपनीत एचआर बघतो. प्रशिक्षणाच्या अभिप्राय फॉर्मवर नेहमी पाचपैकी साडेचार-पावणेपाच येतात. तरी मालक विचारतात, फायदा काय झाला?

मालक बरोबर विचारतात. फॉर्म माणसाला बरं वाटलं का ते सांगतो, तो शिकला का ते नाही. तीन आठवड्यांनी त्याच्या मशीनजवळ जा आणि नवीन पद्धत वापरतोय का ते डोळ्यांनी बघा. मग रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या मालाचा, आकडा प्रशिक्षणाच्या आधीच्या महिन्याशी ताडून पाहा.

मी नंदुरबारचा, फिटरचा आयटीआय केला. एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे. आठ महिने झाले, गोडाऊनमध्ये पोती मोजतोय. बोललो तर काढतील का?

बाळा, तू तिथे कायद्याने आहेस, कुणाच्या मेहेरबानीने नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. तुझा करार नोंदलेला असतो. ठरलेला व्यवसाय शिकवणं आणि तुझ्या प्रगतीची नोंद ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. शिकून झाल्यावर नोकरी देणं मात्र बंधनकारक नाही, त्या आशेवर गप्प बसू नकोस.

आधी सुपरवायझरला साधा अर्ज दे: फिटरच्या कामावर अमुक तारखेपासून घ्यावं. त्याची पोच घे. रोज काय काम केलंस ते वहीत लिही, पोती मोजलीस तर तेही लिही. पंधरा दिवसांत हललं नाही, तर वही घेऊन आयटीआयमध्ये जा आणि शिकाऊ उमेदवारीचं काम कोण बघतं ते विचार. आता वेळ घालवू नकोस. शेवटच्या परीक्षेत हातात कानस देतात, पोती मोजायला देत नाहीत.