शेकडो व्हिडिओंचा ऑडिओ ट्रॅक आपोआप बदलता येतो का?

येतो, आणि त्यासाठी एडिटिंग सॉफ्टवेअर उघडायचीही गरज नाही. तुमचे हिंदी प्रशिक्षणाचे एमपी४ व्हिडिओ आहेत, मराठी डबिंगच्या वेव्ह फाइल्स वेगळ्या आल्यात आणि मशीन विंडोजचं आहे, तर एफएफएएसट्रान्स हे ठरवून दिलेली कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे. पोटात राबतो तो एफएफएमपेगच, म्हणजे कमांड देऊन व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारा प्रोग्रॅम.

सुरुवात फोल्डर मॉनिटरने (फोल्डरमध्ये नवी फाइल आली की काम सुरू करणारा नोड, म्हणजे कामाचा एक टप्पा) करा, पण तो वेव्हच्या फोल्डरवर लावा, व्हिडिओच्या नाही. डबिंग नेहमी शेवटी येतं. जे शेवटी येतं त्यानेच काम सुरू व्हायला हवं. आलेल्या फाइलचं नाव सॉफ्टवेअर व्हेरिएबलमध्ये ठेवतं, त्यावरून जोडीचा व्हिडिओ शोधायचा. म्हणजे दोन्हींची नावं तंतोतंत सारखी हवीत. 'पाठ_०७'च्या जागी कोणी 'पाठ ७ फायनल नवीन' पाठवलं की बसा शोधत. (पाठवतातच.)

पुढे कमांड एक्झिक्युटर नोडमध्ये एफएफएमपेगला दोन इनपुट द्या, आधी व्हिडिओ, मग वेव्ह. मॅप ०:व्ही (पहिल्या इनपुटचं चित्र) आणि मॅप १:ए (दुसऱ्याचा आवाज) हे दोन्ही पर्याय लिहायलाच हवेत. नाही लिहिले तर तो जास्त चॅनेलवाला ऑडिओ स्वतः निवडतो, आणि दोन्ही स्टिरिओ असतील तर पहिल्या इनपुटचा, म्हणजे तुमचं हिंदीच परत. काम मात्र 'यशस्वी' दाखवतं. व्हिडिओला कॉपी द्या, म्हणजे चित्र पुन्हा एन्कोड होत नाही आणि फाइल काही सेकंदांत तयार. ऑडिओ एएसी, १९२ केबीपीएस पुरे.

त्याआधी एफएफप्रोबने (फाइलची माहिती काढणारा एफएफएमपेगचा जोडीदार) दोन्हींची लांबी काढून कंडिशनल, म्हणजे अट तपासणाऱ्या नोडमध्ये ताडून बघा. सेकंदभराहून जास्त फरक आला तर फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, ती माणसाने बघावी. डबिंग २५ फ्रेमच्या, वेग वाढवलेल्या प्रतीवर झालं असेल आणि तुमचा व्हिडिओ २४ फ्रेमचा असेल, तर दहा मिनिटांच्या पाठाचा आवाज २४ सेकंद आधीच संपतो. तिथे आवाजाचा वेग बदलणारा एटेम्पो फिल्टर ०.९६ वर लावला की बसतो. फरक किरकोळ असेल तर एपॅड (आवाजाच्या शेवटी शांतता जोडतो) आणि शॉर्टेस्ट (सगळ्यात छोटा ट्रॅक संपला की फाइल थांबवतो) एकत्र द्या. नुसता शॉर्टेस्ट दिलात तर आवाज संपल्यावर चित्रही कापलं जाईल.

डबिंगवाल्यांना एक आधीच विचारा: वेव्ह म्हणजे पूर्ण मिक्स आहे की नुसता आवाज? नुसता आवाज असेल तर ट्रॅक बदलताना मूळचं पार्श्वसंगीतही जाईल. मग संगीत-इफेक्ट्सचा वेगळा ट्रॅक मागवा आणि एमिक्स या फिल्टरने एकत्र करा, त्यातला नॉर्मलाइझ पर्याय शून्य ठेवून. नाहीतर दोन्हींची पातळी निम्म्यावर येते.