शोस्ताकोविचची पाचवी सिंफनी: पारख शेवटाच्या गजरावरून नको, लार्गोवरून करावी

सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचच्या पाचव्या सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या चार भागांच्या रचनेची, तीन ध्वनिमुद्रणे आपण पाठोपाठ ऐकलीत: संचालक म्राविन्स्की यांचे लेनिनग्राड फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबरचे जुने, संचालक बर्नस्टाइन यांचे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबरचे १९५९ चे आणि एक अलीकडचे डिजिटल. शेवटचा भाग सर्वांत दणदणीत वाजतो म्हणून डिजिटल उजवे मानावे का, आणि म्राविन्स्कींच्या ध्वनिमुद्रणात पितळी वाद्ये ‘पत्र्यासारखी’ ऐकू येतात हा वादनाचा दोष आहे का, असे आपले दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर माझ्या मते ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे.

शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शीत कुठले उचलायचे हे आधी ठरवावे लागते. या सिंफनीत ते शीत तिसऱ्या भागात, म्हणजे लार्गो या अतिसंथ भागामध्ये आहे. या संपूर्ण भागात पितळी वाद्ये गप्प असतात. व्हायोलिनचे नेहमीचे दोन गट न ठेवता तीन केलेले आहेत, व्हायोला आणि चेलो यांचेही प्रत्येकी दोन. त्यामुळे तंतुवाद्यांचा पोत दाट असूनही प्रत्येक पदर वेगळा ऐकू येणे अपेक्षित असते. ध्वनिमुद्रणात हे पदर एकमेकांत मिसळून नुसता मऊ गालिचा ऐकू येत असेल, तर पुढे कितीही गडगडाट असला तरी ते ध्वनिमुद्रण मी दुय्यम समजतो. याच भागाच्या मध्यावर व्हायोलिनच्या थरथरत्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या सुरावर ओबो (सनईसारखे फुंकवाद्य) एकटा गातो, मग क्लॅरिनेट, मग बासरी. येथे तिन्ही ध्वनिमुद्रणे थांबवून तुलना करावी. ओबो ऐन कानाशी आणि व्हायोलिन कुठेतरी भिंतीपलीकडे असे वाटले, तर तो ध्वनिमुद्रकाने मायक्रोफोन जवळ नेऊन केलेला उपकार आहे. सभागृहात तसे ऐकू येत नाही. पुढे झायलोफोन आणि पियानोचे आघात येतात, आणि चेलो तीच धून अगदी वरच्या पट्टीत, जवळजवळ आक्रंदन करीत घेतात. तेथे सूर ताणलेला हवा, गोड नको. २१ नोव्हेंबर १९३७ रोजी लेनिनग्राडमध्ये म्राविन्स्कींनीच ही सिंफनी प्रथम सादर केली, तेव्हा श्रोते लार्गो ऐकताना रडले असे सांगतात. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ या दैनिकाने जानेवारी १९३६ मध्ये शोस्ताकोविचच्या ऑपेरावर केलेला हल्ला आणि त्यानंतरचे अटकांचे सत्र लक्षात घेता, त्या सभागृहात कोण कशासाठी रडत होते हे वेगळे सांगायला नको. सुंदर पण सुखवस्तू वाजवलेला लार्गो मला म्हणूनच पटत नाही.

लार्गोचा शेवट हार्प आणि सेलेस्टाच्या (घंटीसारखा किणकिणणाऱ्या, पियानोसारख्या लहान वाद्याच्या) हलक्या स्वरांनी जवळजवळ विरून जातो, आणि चौथा भाग टिंपनी (मोठे नगारे) व पितळी वाद्यांच्या तडाख्याने सुरू होतो. या सांध्यावर ध्वनिमुद्रकाची प्रामाणिकता उघडी पडते. चौथ्या भागाची सुरुवात सहन होईल इतका आवाज आधी ठरवून घ्यावा, आणि मग त्याला हात न लावता लार्गोचा शेवट ऐकावा. तो जराही प्रयास न पडता स्पष्ट ऐकू आला, तर हळू आवाजाचे भाग मागाहून मोठे केले आहेत असे खुशाल समजावे. तीन ध्वनिमुद्रणे ताडून पाहतानाही त्यांचा आवाज सारखा करून घेणे आवश्यक आहे, कारण जे किंचित मोठे वाजते तेच कानाला चांगले वाटते. (मी स्वतः एकदा ‘नव्याने स्वच्छ केलेली’ जुनी सोव्हिएत तबकडी हौसेने घेतली. खरखर गेली होती, पण तिच्याबरोबर सेलेस्टाही गेला होता.)

आता लयीविषयी. शेवटच्या गजराची लय छापील प्रतींमध्येच एकसारखी नाही: एकीकडे मिनिटाला १८८ पाव-स्वर, तर दुसरीकडे १८४ अर्धपाव-स्वर (म्हणजे पाव-स्वराच्या निम्म्या लांबीचे). आपल्या भाषेत सांगायचे तर हा जवळजवळ दुगुनीचा फरक झाला. बर्नस्टाइन दुगुनीच्या बाजूचे. १९५९ च्या सोव्हिएत दौऱ्यात त्यांनी मॉस्कोत ही सिंफनी वाजवली तेव्हा संगीतकार स्वतः उपस्थित होते, आणि परतल्यावर ऑक्टोबरमध्ये बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये हे ध्वनिमुद्रण झाले. त्यांचा चौथा भाग नऊ मिनिटांच्या आत संपतो आणि त्यातला विजय खरा वाटतो. म्राविन्स्कींकडे तोच गजर जड पावलांनी येतो. संचालक रोस्त्रोपोविच त्याहूनही संथ जातात, आणि एकाच सुरावर अखंड होणारे ते आघात दंडुक्याच्या धाकाने करवून घेतलेल्या आनंदासारखे वाटू लागतात. यातली कोणतीही एक लय चूक म्हणता येणार नाही. मात्र संचालकाने पहिल्या तीन भागांत जे सांगितले त्याच्याशी ती जुळते का, हे पाहावे. पहिले तीन भाग गुळगुळीत वाजवून शेवटी एकदम गंभीर होणारे संचालक बरेच आहेत, आणि तेथे माझा विश्वास उडतो.

‘पत्र्या’च्या तक्रारीत दोन गोष्टी मिसळल्या आहेत. जुन्या सोव्हिएत ध्वनिमुद्रणांत सर्व वाद्ये एकदम भरात आली की आवाज फाटतो, हा यंत्राचा दोष खराच. पण ट्रम्पेटचा धारदार, बोचरा सूर आणि हॉर्नमधला कंप हा त्या काळच्या रशियन वाद्यवृंदांचा बाज होता, आणि हे संगीत त्याच आवाजासाठी लिहिले गेले. ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदाबरोबर संचालक हायटिंक यांनी १९८१ मध्ये केलेले डिजिटल ध्वनिमुद्रण तांत्रिकदृष्ट्या फार देखणे आहे, पण त्यातली पितळी वाद्ये सभ्य माणसासारखी बोलतात. दोन्ही बाजू हव्या असतील तर म्राविन्स्कींचे १९७३ चे टोकियोतील प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण मिळवावे. बाज तोच आहे आणि आवाज बराच मोकळा आहे. म्राविन्स्की पहिली आणि दुसरी व्हायोलिने मंचाच्या दोन बाजूंना बसवीत, हेही त्यात ऐकू येते.

आपल्या डिजिटल प्रतीबद्दल मी ती न ऐकता निकाल देणार नाही. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी एकट्या व्हायोलिनच्या सुरानंतर सेलेस्टा एकेक अर्धस्वर वर चढत जातो. ते स्वर कोणत्या बाजूने आणि किती दुरून येतात, हे तेवढे ऐकून येथे लिहावे.