स्त्रियांना स्वतःचा व्यवसाय सुरू करायला बळ कशामुळे मिळतं?

बायका स्वतःचा व्यवसाय उभा करतात तेव्हा त्यामागे नेमकं काय असतं, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. माझ्या मते जिद्द, आत्मविश्वास हे सगळं नंतरचं. आधी पैसा स्वतःच्या ताब्यात हवा.

शिवणकाम करणारी एक ताई वही घेऊन माझ्याकडे आली होती. काम भरपूर, उधारी जवळपास नाही, तरी महिनाअखेरीस हातात काहीच उरत नव्हतं. वहीच्या मागच्या पानांवर एकाखाली एक नोंदी होत्या, ‘यांना दिले’, ‘यांना दिले’. तिच्या नावावर काढलेलं कर्ज नवऱ्याच्या धंद्यात गेलं होतं आणि हप्ते तिच्या शिलाईतून जात होते. तिला त्यात वावगं वाटत नव्हतं, मला मात्र फार वाईट वाटलं.

हे तिच्या एकटीचं नाही. भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या प्रयोगांची आकडेवारी संशोधकांनी पुन्हा तपासली, तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. बाईला दिलेलं भांडवल बरेचदा घरातल्या पुरुषाच्या धंद्याकडे वळतं, असं त्यात दिसलं. ज्या घरात फक्त तिचाच धंदा होता, तिथे त्या भांडवलावरची तिची कमाई पुरुषांच्या तोडीची निघाली. म्हणजे ‘बायकांना धंदा जमत नाही’ हे बोलणंच चुकीचं.

यात कायद्याचाही मोठा वाटा आहे. फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडता येऊ लागलं ते 1965 च्या कायद्याने. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर व्यवसायासाठी कर्ज काढायला घरातल्या पुरुषाची सही लागायची, ती अट 1988 मध्ये गेली. फार जुनी गोष्ट नाही ही!

केनियात 2007 मध्ये एम-पेसा आलं आणि मोबाइलवरून पैसे पाठवता, साठवता येऊ लागले. पुढे झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की त्यामुळे सुमारे 1,85,000 स्त्रिया पोटापुरती शेती सोडून व्यापार-धंद्याकडे वळल्या. कर्ज, अनुदान काही नाही. फक्त कुणाला न विचारता पैसे बाजूला ठेवता आले.

दुसरी गोष्ट म्हणजे सोबत. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या, म्हणजे कष्टकरी स्त्रियांच्या सहकारी बँकेच्या, ग्राहक स्त्रियांना दोन दिवसांचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं गेलं. काहींना एकटीने बोलावलं, काहींना मैत्रिणीसह. मैत्रिणीबरोबर आलेल्यांनी पुढे व्यवसायासाठी जास्त कर्ज घेतलं आणि धंदाही वाढवला. एकट्या आलेल्यांमध्ये फारसा फरक पडला नाही. शिकवलेलं तर दोघींना तेच होतं.

आणि वेळ. मूल सांभाळायला कुणी नसेल तर बाकी सगळं असूनही धंदा दुपारच्या दोन तासांपुरताच राहतो.

तुम्ही स्वतःसाठी विचारत असाल, तर आधी एकटीच्या नावाचं खातं उघडा आणि ओटीपी तुमच्याच फोनवर येतो ना, ते बघा. घरात दिलेला प्रत्येक रुपया वहीत वेगळा लिहा. नाव, नोंदणी वगैरे मग करू.