मज्जातंतू वाचले का?

प्रिय,

कुष्ठरोगाच्या लसीवरचा तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. कोणती प्रथिनं लसीत घ्यायची यावर सहा पानं आहेत, आणि लस उपयोगी ठरली हे कशावरून ठरवणार, ते मात्र एका ओळीत उरकलंयस. खरी अडचण तिथेच आहे.

कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेनने 1873 मध्ये दाखवून दिला. तो प्रयोगशाळेतल्या माध्यमात आजही वाढत नाही. उंदराच्या तळपायात नाहीतर आर्माडिलो या कवचधारी प्राण्यात वाढवावा लागतो, आणि एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. माणसात लक्षणं दिसेपर्यंत सरासरी 5 वर्षं जातात, कधी 20. पीएचडीच्या मुदतीशी या जंतूला काही देणंघेणं नाही.

त्याहून अवघड गोष्ट अशी की या रोगातली मज्जातंतूंची बरीचशी हानी आपलीच प्रतिकारशक्ती करते. तेव्हा जंतू घटले, टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) चेतल्या, एवढ्यावर खूश होऊ नकोस. संसर्ग आधीच दडून बसलेल्या माणसाला लस टोचली तर काय होईल? रुग्णाच्या सहवासातल्या काहींना बीसीजी लस दिल्यावर थोड्याच महिन्यांत रोग उघड झाल्याच्या नोंदी आहेत. लेपव्हॅक या कुष्ठरोगावरच्या प्रायोगिक लसीच्या चाचणीत संसर्ग झालेल्या आर्माडिलोंच्या मज्जातंतूंचं कार्य मोजलं, ते बिघडणं लांबलेलं दिसलं. मला ते जंतूंच्या मोजणीपेक्षा मोलाचं वाटतं.

बीसीजी क्षयासाठी आली, तरी कुष्ठरोगातही थोडंफार संरक्षण देते. किती, ते विचारू नकोस: एका एकत्रित विश्लेषणात नियंत्रित चाचण्यांतून 26 टक्के आणि निरीक्षणात्मक अभ्यासांतून 61 टक्के निघाले! दुसरा आकडाच उचलून प्रस्तावना लिहिणारे पुष्कळ भेटतील.

बुरुली व्रणाचा (त्वचा कुजवणाऱ्या दुसऱ्या रोगाचा) परिच्छेद सरळ काढ. दोन्ही रोगांचे जंतू एकाच कुळातले, पण तिथे मायकोलॅक्टोन नावाचं विष ऊती मारतं आणि प्रतिकारशक्तीला दडपतं. दोन्हींना एकच मोजपट्टी लागू होणार नाही.

आधी काही दिवस कुष्ठरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात बस. कोपरामागचा जाड झालेला मज्जातंतू बोटांनी चाचपायला शीक, नायलॉनच्या धाग्याने तळहाताची संवेदना कशी तपासतात ते पाहा. मग ती एक ओळ पुन्हा लिहून पाठव. प्रथिनांची पानं आहेत तशी राहू देत.

तुझा,
सर